पाण्याखालचा कॅमेरा आणि एका चार्जिंगचा हिशोब



सुट्टी लागली की आपल्या नांदेड-लातूरकडची बरीच मंडळी कोकणात जातात. लातूरहून सोलापूर, कोल्हापूर करत मालवण सुमारे ५०० किलोमीटर पडतं. नांदेडकरांना त्यात आणखी सव्वाशे-दीडशे किलोमीटरची भर. एवढ्या लांब गेल्यावर सिंधुदुर्ग किल्ला पाहणं होतंच, आणि आता त्याच्या जोडीला मालवण-तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंगसुद्धा होतं. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाचा हात धरून वीस-तीस फूट खाली जाता येतं, प्रवाळ आणि रंगीत मासे पाहता येतात. पाण्याखाली मिळणारा वेळ मात्र साधारण पंधरा-वीस मिनिटांचाच असतो.

त्या पंधरा मिनिटांत कॅमेऱ्याची बॅटरी संपली तर? बॅटरी बदलून पुन्हा खाली जाता येत नाही. पुन्हा ५०० किलोमीटरही कोणी लगेच येत नाही. आपल्या वर्गातल्या बहुतेक लेकरांनी समुद्र पाहिलेला नसतो. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातलं माशाचं चित्र आणि आपल्या सरांनी किंवा मॅडमनी स्वतः काढून आणलेला माशाचा व्हिडिओ, यात फार फरक आहे. म्हणून हा लेख. पाण्याखाली चालणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी नेमकी कुठं खर्च होते, ती कशी वाचवायची आणि या सगळ्यातून वर्गात गणित-विज्ञानाचा एक चांगला पाठ कसा तयार होतो, ते आज पाहूया.

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी

बॅटरी समजून घ्यायला आपल्या भागात टाकीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. त्या काळात प्रत्येक घरानं एक गोष्ट शिकून घेतली. टाकीत किती पाणी आहे हे जितकं महत्त्वाचं, तितकंच नळ किती वेळ उघडा राहतो हेही महत्त्वाचं.

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात. पहिला व्होल्टचा. टाकी किती उंचावर आहे, म्हणजे पाणी किती जोरानं येणार, हे तो सांगतो. दुसरा आकडा मिलीअँपिअर-तासाचा. टाकीत किती पाणी मावतं, हे तो सांगतो. या दोन्हींचा गुणाकार केला की एकूण ऊर्जा मिळते. तिला वॉट-तास म्हणतात.

उदाहरण घेऊ. ऑलिम्पस कंपनीचा टफ टीजी-६ हा २०१९ साली आलेला छोटा कॅमेरा पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो. त्याच्या बॅटरीवर १३५० मिलीअँपिअर-तास आणि ३.६ व्होल्ट असे आकडे आहेत. १३५० मिलीअँपिअर-तास म्हणजे १.३५ अँपिअर-तास. १.३५ गुणिले ३.६ बरोबर ४.८६ वॉट-तास. ही झाली आपली टाकी. घरातला पाच वॉटचा एलईडी बल्ब एक तासही पूर्ण जळणार नाही, एवढीच ही ऊर्जा. लहानशा टाकीवर मोठा कार्यक्रम पार पाडायचा आहे, हे आधी लक्षात घ्या.

कंपनीचा आकडा आणि आपला अनुभव

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात 'एका चार्जिंगमध्ये अमुक इतके फोटो' असं लिहिलेलं असतं. टीजी-६ साठी हा आकडा सुमारे ३४० आहे. तो खोटा नसतो, पण ठरावीक चाचणीतला असतो. खोलीचं तापमान २३ अंश सेल्सिअसच्या आसपास, दर ३० सेकंदांनी एक फोटो, निम्म्या फोटोंना फ्लॅश, अशा नियमांनी ती चाचणी घेतात. गाडीच्या जाहिरातीतलं मायलेज आणि आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावरचं मायलेज यात जो फरक पडतो, तोच इथंही पडतो. आपण तर फोटोपेक्षा व्हिडिओ जास्त काढतो. व्हिडिओत सेन्सर, प्रोसेसर आणि स्क्रीन सतत चालू राहतात, म्हणजे नळ सतत उघडा. त्यामुळे ३४० फोटोंच्या आकड्यावर भरवसा ठेवून व्हिडिओचा हिशोब करू नका.

बॅटरी नेमकी कोण खातं?

१. स्क्रीन. बोटीत बसल्यावर आपण कॅमेरा चालू करून ठेवतो, कोणी सेल्फी घेतं, कोणी जुने फोटो बघत बसतं. ही सगळ्यात मोठी गळती. टाकीचा नळ ठिबकत राहावा तसं हे असतं, लक्षातही येत नाही.

२. व्हिडिओचा दर्जा. ४के व्हिडिओला कॅमेऱ्याचा मेंदू जास्त राबतो, तापतोही जास्त आणि मेमरी कार्डही लवकर भरतं. वर्गातल्या टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर दाखवायला फुल एचडी पुरेसं आहे.

३. फ्लॅश. प्रत्येक वेळी फ्लॅश मारण्याआधी कॅमेऱ्याला आत विजेचा साठा करावा लागतो. शिवाय पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांवर फ्लॅशचा प्रकाश पडतो आणि फोटोत पांढरे ठिपकेच ठिपके येतात. बॅटरीही गेली आणि फोटोही बिघडला.

४. वाय-फाय, ब्लूटूथ आणि जीपीएस. रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात फार आत जात नाहीत. म्हणून पाण्याखाली यातलं काहीच उपयोगाचं नसतं. तरी ते चालू असलं तर कॅमेरा सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी खात राहतो. टीजी-६ च्या वरच्या बाजूला 'लॉग' नावाची एक कळ आहे. ती चालू राहिली तर कॅमेरा बंद केल्यावरही जागेची नोंद चालू राहते. बॅगेत घालताना चुकून ती सरकली नाही ना, हे बघून घ्या.

५. झूम आणि सतत फोकस. लेन्स हलवणारी छोटी मोटर दर वेळी वीज घेते. पाण्याखाली झूम करण्यापेक्षा जवळ जाणं चांगलं. मधे पाणी जितकं कमी, तितकं चित्र स्वच्छ.

पाण्याखाली लाल रंग का हरवतो?

फ्लॅश बंद ठेवला तर फोटो निळा-हिरवा येईल, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पाणी लाल रंगाचा प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच मीटर खाली गेलं की लाल बराच फिका झालेला असतो. पण त्यावर फ्लॅशशिवाय दुसरा उपाय आहे. बहुतेक पाण्याखालच्या कॅमेऱ्यांत 'अंडरवॉटर' नावाचा पर्याय असतो. तो निवडला की कॅमेरा रंगांचा समतोल स्वतः साधतो. यासाठी वेगळी वीज लागत नाही म्हटलं तरी चालेल. मालवणला आपण फार खोल जात नाही, त्यामुळे ऊन चांगलं असेल तेव्हा, म्हणजे सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत, एवढ्यानं काम भागतं.

शेवटची कांडी फसवी असते

स्क्रीनवर बॅटरीच्या तीन कांड्या दिसतात. दोन कांड्या बराच वेळ टिकतात आणि मग एकदम लाल दिवा लुकलुकतो. असं का होतं?

इथं टाकीचं उदाहरण थोडं अपुरं पडतं. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो. मधला मोठा काळ तो ३.६-३.७ व्होल्टच्या आसपास रेंगाळतो. शेवटी मात्र तो एकदम घसरतो, आणि ३ व्होल्टच्या जवळपास कॅमेरा स्वतःला बंद करून घेतो. साधे कॅमेरे प्रामुख्यानं हा दाब बघून कांड्या दाखवतात. म्हणून मधल्या काळात किती शिल्लक आहे याचा अंदाज धूसर असतो. यावरून एक नियम करा: लाल दिवा लागल्यावर पाण्यात उतरायचं नाही, आणि दोन कांड्या दिसत असतील तर 'अजून भरपूर आहे' असंही समजायचं नाही.

थंड पाण्यात बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ती लवकर उतरल्यासारखी वाटते. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी पटीनं लवकर ओढून नेतं, त्यामुळे कॅमेरा काही मिनिटांत पाण्याइतका गार होतो. आपल्या अरबी समुद्राचं पाणी मात्र कोमट असतं. मालवणला थंडीपेक्षा उन्हाचा त्रास जास्त. मे महिन्यात लातूर-नांदेडचा पारा चाळीस अंशांच्या वर असतो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. डॅशबोर्डवर ठेवलेली बॅटरी तिथंच म्हातारी होते. प्रवासात कॅमेरा सीटखाली, सावलीत ठेवा.

खरा धोका झाकणाचा

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जास्तीची बॅटरी खिशात असली की झालं, असं वाटतं. जमिनीवर ते खरं आहे. समुद्रावर नाही.

या कॅमेऱ्याचं झाकण बंद असतं तोवरच तो जलरोधक असतो. झाकणाच्या कडेला एक मऊ रबरी पट्टी असते. पाण्यात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर हवेचा एक असतोच, म्हणजे १० मीटरवर दुप्पट. त्या पट्टीवर वाळूचा एक कण किंवा डोक्याचा एक केस अडकला, तरी तेवढ्या फटीतून खारं पाणी आत जातं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि असं पाणी विजेचं चांगलं वाहक असतं. बॅटरीच्या टोकांना ते लागलं की कॅमेरा गेलाच म्हणून समजा.

हलणाऱ्या बोटीवर, ओल्या हातांनी, वाऱ्यावर उडणाऱ्या तुषारांत झाकण उघडणं म्हणजे जुगार. चार्जिंगसाठी वायर लावायची तरी झाकण उघडावंच लागतं. म्हणून बॅटरी वाचवण्याचा खरा फायदा फक्त जास्त फोटो मिळण्यात नाही. बोटीवर झाकण उघडायची वेळच येत नाही, हा खरा फायदा. रात्री खोलीत बंद केलेलं झाकण डाइव्ह संपवून परत खोलीत आल्यावरच उघडायचं, असं नियोजन करा.

हिशोब मांडूया

गुहेत डाइव्ह करणारे लोक हवेच्या बाबतीत तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळतात. एक हिस्सा जायला, एक परत यायला, एक अडचणीसाठी राखून. आपण बॅटरीतला एक तृतीयांश भाग राखीव ठेवू. ४.८६ मधून १.६२ बाजूला ठेवले की वापरायला उरले ३.२४ वॉट-तास.

आता समजा, व्हिडिओ काढताना कॅमेरा ३ वॉट घेतो, नुसती स्क्रीन चालू असताना दीड वॉट आणि वाय-फायवरून फोनला फोटो पाठवताना अडीच वॉट. हे आकडे गणितासाठी धरलेले आहेत, प्रत्येक कॅमेऱ्यात ते वेगळे असतील.

बेफिकीर वापर असा:
• २० मिनिटं व्हिडिओ: १ वॉट-तास
• बोटीत एक तास स्क्रीन चालू: १.५ वॉट-तास
• अर्धा तास फोटो बघणं: ०.७५ वॉट-तास
• २० मिनिटं वाय-फाय: ०.८३ वॉट-तास
एकूण ४.०८ वॉट-तास. राखीव भागालाही हात लागला.

काटकसरीचा वापर असा:
• २० मिनिटं व्हिडिओ: १ वॉट-तास
• १० मिनिटं स्क्रीन: ०.२५ वॉट-तास
एकूण १.२५ वॉट-तास. म्हणजे एका चार्जिंगवर दोन डाइव्ह होतात, खर्च २.५ वॉट-तास, आणि राखीव तसाच राहतो.

बघा मित्रांनो, पहिल्या हिशोबात खऱ्या कामाला, म्हणजे पाण्याखालच्या व्हिडिओला, जेमतेम पाव भाग वीज गेली. बाकीची पाण्याच्या वरच संपली.

निघण्याआधी आणि तिथं गेल्यावर

आदल्या रात्री: चार्जिंग संध्याकाळीच लावा. रात्री लाईट गेली तर पहाटे धावपळ नको. बॅटरी भरल्यावर रबरी पट्टी कोरड्या मऊ कापडानं पुसा, उजेडात नीट बघा, मग झाकण बंद करून दोन्ही खटके लावा. कार्ड रिकामं आहे ना, तारीख बरोबर आहे ना, हेही तेव्हाच पाहा. वाय-फाय, जीपीएस बंद. स्क्रीनचा उजेड मध्यम. कॅमेरा आपोआप बंद होण्याची वेळ एक मिनिट. अंडरवॉटर पर्याय निवडून ठेवा. ज्या कॅमेऱ्याची स्क्रीन बोटानं चालते, त्यावर पाण्याखाली बोट चालत नाही, म्हणून सगळं वरच ठरवायचं.

गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा असेल तर: त्यात एक सोय आहे. बंद कॅमेऱ्याचं वरचं बटण एकदा दाबलं की तो चालू होऊन थेट रेकॉर्डिंग सुरू करतो. पुन्हा दाबलं की थांबून बंद होतो. ही सोय सुरू करून ठेवा. मात्र अलीकडचे बरेच गोप्रो वेगळ्या डबीशिवाय १० मीटरपर्यंतच चालतात, हे विसरू नका.

बोटीत: फोटो काढायला मोबाईल आहेच. पाण्याखालचा कॅमेरा बंदच राहू द्या. रात्रभर एसीच्या खोलीत राहिलेला कॅमेरा दमट हवेत आणला की काचेवर बाष्प धरतं, म्हणून तो थोडा आधी बाहेर काढून सावलीत ठेवा.

पाण्याखाली: सलग वीस मिनिटांचा हलणारा व्हिडिओ वर्गात कोणी बघत नाही. पंधरा-वीस सेकंदांचे आठ-दहा तुकडे घ्या. एक प्रवाळाचा, एक माशांच्या थव्याचा, एक श्वासातून निघणाऱ्या बुडबुड्यांचा, एक वरून येणाऱ्या उजेडाचा. शिकवायला हेच उपयोगी पडतात आणि बॅटरीही निम्म्याहून कमी लागते. काय काढलं ते तिथंच बघत बसू नका.

इथं एक कळकळीची सूचना. पहिल्यांदा डाइव्ह करत असाल तर आधी श्वास आणि कानावरचा दाब सांभाळायचा, कॅमेरा नंतर. स्वतःचा कॅमेरा नेता येतो का, हे केंद्रावर आधीच विचारा. शक्य असेल तर तो प्रशिक्षकाच्याच हाती द्या. अनेक ठिकाणी तेच व्हिडिओ काढून देतात. बॅटरी बघण्याच्या नादात प्रशिक्षकाच्या खुणेकडे दुर्लक्ष झालं, असं होता कामा नये.

परत आल्यावर: झाकण न उघडता कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत थोडा वेळ बुडवून ठेवा, म्हणजे मीठ सुटेल. मग पुसून, पूर्ण वाळवून झाकण उघडा. आत ओल दिसली तर कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा आणि अजिबात चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात ठेवू नका, टोकं एकमेकांना जोडली जाऊन ती पेट घेऊ शकते. विमानानं जाणार असाल तर सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच ठेवायची असते. आणि सुट्टीनंतर कॅमेरा कपाटात ठेवताना बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी नको, निम्मी भरलेली ठेवा. अशी ती जास्त वर्षं टिकते.

वर्गात करून पाहा

समुद्रावर गेलात किंवा नाही गेलात, हा पाठ वर्गात घेता येतो. एकच मोबाईल घ्या. विमान मोडवर टाका. स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून अर्धा तास एक व्हिडिओ चालवा आणि किती टक्के बॅटरी उतरली ते फळ्यावर लिहा. नंतर उजेड निम्मा करून तोच व्हिडिओ तेवढाच वेळ चालवा. दोन्ही आकड्यांची तुलना मुलांना करू द्या. पाचवी ते आठवीच्या मुलांना शेकडेवारी, दशांश अपूर्णांकांचा गुणाकार आणि आलेख, तिन्ही यात सापडतात. वरचा ४.८६ वॉट-तासांचा हिशोब मुलांकडूनच मांडून घ्या. बेफिकीर यादीतलं काय काय वगळलं तर राखीव भाग वाचेल, हे त्यांनाच शोधू द्या.

आणि जोडीला ही माहिती जरूर सांगा. आज आपल्या खिशात असलेली लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीनं पहिल्यांदा बाजारात आणली. ती घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. शिकण्याला वय नसतं, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

पाणी असो की वीज, साठा मोजका असतो तेव्हा तो कुठं गळतो हे आधी शोधायचं. आपल्या मराठवाड्याच्या लेकरांना पाण्याच्या बाबतीत हे घरीच कळलेलं असतं, विजेच्या बाबतीत आपण वर्गात दाखवून देऊ. तुमच्या वर्गात हा प्रयोग केलात तर किती टक्क्यांचा फरक आला, ते नक्की कळवा.